जुनीं भिंगें, नवा कॅमेरा



कोल्हापूरकरांस कॅमेऱ्याचें वेड नवें नाहीं. कलामहर्षि बाबूराव पेंटर यांनीं १९१८ च्या सुमारास याच शहरांत चलच्चित्राचा कॅमेरा स्वतः सिद्ध केला आणि १९२० सालीं त्यांचा ‘सैरंध्री’ हा मूकपट प्रेक्षकांसमोर आला. यंत्राचें मर्म ओळखून तें आपल्या हातांनीं घडवावें, ही येथील परंपरा. तिच्या आधारानें आज एका घरगुती प्रश्नाचा विचार करूं.

फिल्मचा वापर मागें पडला आणि अनेक घरांतील कॅमेरे कपाटांत जाऊन बसले. घर आवरतांना ते भंगारांत जातात. कॅमेरा निरुपयोगी झाला असेल. पण त्याचें भिंगही निरुपयोगी झालें काय? प्रकाश एका पातळीवर एकवटणें एवढेंच भिंगाचें काम. त्या पातळीवर फिल्म आहे कीं डिजिटल कॅमेऱ्याचा सेन्सर, याची त्याला दाद नसते.

अडचण आहे ती अंतराची. भिंग जेथें बसतें तेथपासून फिल्मपर्यंतचें अंतर प्रत्येक पद्धतींत ठरलेलें असतें. निकॉनच्या एफ पद्धतींत तें ४६.५ मिलिमीटर आहे. मिररलेस, म्हणजे आंतील आरसा नसलेले, अशा बदलत्या भिंगांचे कॅमेरे २००८ सालापासून येऊं लागले. त्यांत हें अंतर फार कमी, सोनीच्या ई पद्धतींत तर अवघें १८ मिलिमीटर. वजाबाकी केली कीं २८.५ उरतात. तेवढ्या जाडीचें पोकळ कडें मध्यें बसविलें, कीं भिंगाला त्याचें जुनें अंतर परत मिळालें. बाजारांत या कड्यास अडॅप्टर म्हणतात. त्यांत कांच नसते, वीजही लागत नाहीं. लेथवर काम करणाऱ्या आपल्या उद्यमनगरांतील कुशल कारागिरास त्याचें मर्म तत्काळ उमजेल. मात्र माप काटेकोर हवें. कडें किंचित जाड झालें तर दूरचा जोतिबाचा डोंगर कधींच रेखीव येणार नाहीं. किंचित पातळ झालें तर डोंगर येईल, पण भिंगावरील अंतराचे आंकडे खोटे ठरतील.

जुन्या भिंगांत उणिवाही आहेत. फोकस आणि छिद्र दोन्ही हातानें जुळवावीं लागतात; धांवत्या मुलाचें चित्र घेण्यास नवें भिंगच बरें. सूर्य समोर असतां चित्र फिकें पडण्याचा संभव अधिक. परंतु खिडकीजवळ शांत बसलेल्या आजीचा चेहरा टिपावयाचा असेल, तर हातानें फोकस करण्यास सवड असते, आणि त्या सवडींत आपण चेहरा नीट पाहूं लागतों.

भिंगाचा खरा शत्रु म्हणजे आपला पावसाळा. दमट हवेंत कांचेवर बुरशी धरते आणि कालांतरानें कांचेचा लेपही खाते. भिंगांतून बॅटरीचा झोत आरपार सोडून पाहावा. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतु दिसले तर भिंग जाणत्या कारागिराकडे न्यावें, घरीं उघडूं नये. चामड्याच्या पेटींत ओल राहते, म्हणून तें हवाबंद डब्यांत, ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावें.

ज्या भिंगानें घरांतील लग्नें आणि मुंजी पाहिल्या, त्याच भिंगानें आज नातवंडांचे चेहरे टिपतां येतात. म्हणून भंगारवाल्यास हांक मारण्यापूर्वीं तें एकदां उजेडासमोर धरावें. कांच स्वच्छ असेल, तर त्याला केवळ एक कडें हवें आहे.