उकिरड्यात पन्नी नको

(प्रभागसंघाच्या मासिक सभेत क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेलं भाषण. सभेला येऊ न शकलेल्या गटांसाठी इथे देत आहोत.)



मी एमएसडब्ल्यू झाले आहे, म्हणून मला कचऱ्यावर बोलायला सांगितलं असेल. पण उकिरड्याबद्दल तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं, हे मी आधीच कबूल करते. आणि सुरुवात माझ्या चुकीपासून करते.

दोन वर्षांपूर्वी मी नवीन होते. एका गावात आम्ही डबे वाटपाचा कार्यक्रम घेतला. ओल्या कचऱ्याला हिरवा, सुक्याला निळा. फोटो काढले, अहवाल पाठवला, मी खूश. चार महिन्यांनी गृहभेटीला गेले तर हिरव्या डब्यात तुरीची डाळ आणि निळ्यात कपडे भिजवलेले! मी थोडी रागावलेच. तेव्हा एक मावशी म्हणाल्या, "पोरी, ओलं डब्यात कशाला ठेवू? शिळी भाकर शेळीले, भाजीच्या काड्या गाईले, राख उकिरड्यावर. शहरात गाय नसते म्हणून त्यायले डबा लागते."

मावशींचं बरोबर होतं. खेड्यातल्या घरात ओला कचरा ही अडचण नाहीच. आपल्या आज्यांच्या काळीही उकिरडा होता, पण त्यात पडलेलं सगळं कुजत होतं आणि वर्षाकाठी शेतात जात होतं. आता त्याच उकिरड्यात पन्नी पडते, शाम्पूची पुडी पडते, खर्र्याची पन्नी पडते, पोरांच्या चिप्सची पाकिटं पडतात. पेरणीआधी खत म्हणून हे सगळं बैलगाडीत भरून आपणच शेतात नेतो. वखराला पन्नी अडकते हे तुम्ही पाहिलंच आहे. जमिनीत पन्नी दबली की तिच्याखाली पाणी मुरत नाही, आणि तिच्यावर पडलेल्या बियाण्याची मुळी खाली जात नाही.

आता गाईची गोष्ट. नाव सांगत नाही, कारण ती ताई इथे नसली तरी तिच्या गटातल्या ताया बसल्या आहेत. तिने गटातून कर्ज घेऊन गाय घेतली. गाय चरायला जायची, येताना उकिरड्यावर तोंड घालायची. मिठाची, उरलेल्या भाजीची पन्नी गाठ मारून फेकलेली असते. गाईला वास येतो, पण तिला गाठ सोडता येत नाही, ती पन्नीसकट गिळते. पोटाच्या मोठ्या कप्प्यात पन्नी पचतही नाही आणि पुढेही सरकत नाही. एकात एक गुंतून गोळा होतो. गाय खाणं सोडते, पोट फुगतं, दूध आटतं. या ताईला वाटलं नजर लागली. पशुसखीला बोलावलं तेव्हा उशीर झाला होता. गाय गेली. डॉक्टरांनी पोट उघडलं तेव्हा पन्न्यांचा एवढा मोठा गोळा निघाला. ताई अजून हप्ते भरते आहे. गोठा रिकामा आहे आणि हप्ता चालू आहे. ज्या पन्न्या निघाल्या त्या कोणाच्या घरच्या होत्या, हे कोणालाच सांगता येणार नाही. माझ्याही असतील, मी त्याच गावात भाड्याने राहते.

म्हणून माझं आजचं म्हणणं एवढंच आहे, की उकिरड्यात पन्नी जाऊ द्यायची नाही. बाकीचं तुम्हाला येतंच.

कसं करायचं? डबा नको. खताचं किंवा सिमेंटचं एक रिकामं पोतं धुऊन, वाळवून घराच्या मागच्या खुंटीला टांगा. पन्नी, पुडी, बाटली सगळं त्यात. दुधाची पिशवी कापताना कोपऱ्याचा तुकडा वेगळा करू नका, तो तुकडाच वाऱ्याने उडतो. पिशवी विसळून टाका, नाहीतर मुंग्या आणि वास, आणि सासूबाई दुसऱ्या दिवशी पोतं फेकून देतील! भंगारवाला दुधाच्या पिशव्या, बाटल्या, तेलाचे डबे, पुठ्ठा, लोखंड घेतो. सगळं एकत्र दिलं तर तो कमी भाव लावतो, वेगळं करून दिलं तर बरा भाव देतो. एकेका घराचं पोतं त्याला परवडत नाही. दहा घरांची पोती गटाच्या बैठकीच्या दिवशी एका ओट्यावर आली, तर तो वजनकाटा घेऊन दारात येतो. पैसे फार येत नाहीत. यातून उद्योग उभा राहील असं मी म्हणणार नाही, कारण तसं सांगून आधीच पुष्कळ जणींना फसवलं गेलं आहे.

चिप्सची पाकिटं आणि शाम्पूच्या पुड्या भंगारवाला घेत नाही. त्यांत प्लास्टिक आणि चांदीसारखा पातळ थर एकमेकांना चिकटवलेला असतो, तो सहज सुटत नाही. त्या पोत्यातच दाबून ठेवा, पुढे ग्रामपंचायतीचं बोलते तेव्हा त्यांचं काय करायचं ते सांगते. पण पुडीऐवजी बाटली घेता आली तर घ्या. आणि बाजाराला जाताना घरून कापडी पिशवी न्या. १२० मायक्रॉनपेक्षा पातळ पन्नीवर बंदीच आहे, तरी भाजीवाला देतो, कारण आपण हात पुढे करतो.

एक गोष्ट हात जोडून सांगते. चूल पेटवायला पन्नी वापरू नका. पावसाळ्यात ओल्या काड्या पेटत नाहीत हे मला माहीत आहे. पण तो काळा धूर सगळ्यांत आधी तुमच्याच छातीत जातो, आणि मांडीवरच्या लेकराच्या. वाळलेल्या तुराट्या, गोवरीचा चुरा पावसाआधीच कोरड्या जागी भरून ठेवा.

आता खत. आपल्याच यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदच्या नारायण देवराव पांढरीपांडे यांनी शोधलेली पद्धत त्यांच्या नावाच्या अक्षरांवरून नाडेप म्हणून देशभर गेली. आपल्यापैकी कितीजणींच्या शेतात ती आहे? पाच हात वर आले. बरं.

विटांचं टाकं, १० फूट लांब, ६ फूट रुंद, ३ फूट उंच. भिंतीत हवेसाठी भोकं ठेवायची. खाली सहा इंच काडीकचरा, म्हणजे कुटार, पाला, पऱ्हाटीचे तुकडे. त्यावर चार-पाच किलो शेण पाण्यात कालवून शिंपडायचं. त्यावर चाळलेली कोरडी माती पसरायची आणि पाणी मारायचं. असे थर टाक्याच्या वर दीड फूट येईपर्यंत रचून शेणमातीने लिंपून टाकायचं. पंधरा-वीस दिवसांत ते खाली बसतं, तेव्हा पुन्हा थर घालून लिंपायचं. भेगा पडल्या की बुजवायच्या, ओल कमी होऊ द्यायची नाही. ९० ते १२० दिवसांत साधारण तीन टन खत मिळतं, आणि सगळं मिळून शेण लागतं फक्त ९० ते १०० किलो. एकच गाय असलेल्या बाईलाही हे जमतं. विटांना पैसे नसतील तर जमिनीवरच ढीग रचून लिंपतात, त्याला भू-नाडेप म्हणतात. पऱ्हाट्या बांधावर जाळण्यापेक्षा तुकडे करून यात घाला. मात्र पन्नी निवडूनच.

एक विषय मला बोलायला लाज वाटत होती, पण इथे आपण बायाच आहोत. वापरलेलं पॅड संडासात टाकू नका. आपल्याकडे दोन खड्ड्यांचे संडास आहेत. पॅडमध्ये प्लास्टिक असतं, ते कुजत नाही, खड्डा तुंबतो, आणि पुढे तो कोणाला तरी हाताने उपसावा लागतो. कागदात गुंडाळून वेगळं ठेवा. घडीचं सुती कापड वापरत असाल तर ते कोपऱ्यात, अंधारात वाळवू नका. उन्हात वाळवा, हवं तर वरून ओढणी टाका.

राहिली ग्रामपंचायत. स्वच्छ भारत मिशन ग्रामीणच्या दुसऱ्या टप्प्यात ५,००० पर्यंत लोकसंख्येच्या गावाला घनकचऱ्यासाठी माणशी ६० रुपयांपर्यंत निधीची तरतूद आहे, आणि तालुक्याला प्लास्टिकवर प्रक्रिया करणाऱ्या केंद्राची. आपल्या पोत्यांतली चिप्सची पाकिटं तिथे जायला हवीत. ती कोण नेणार, कोणत्या वारी नेणार, हे ग्रामसेवकांना विचारायचं आहे. मी विचारलं तर ते मला चहा पाजून परत पाठवतात. ग्रामसभेआधी महिला ग्रामसभा घ्यायची असते, ती कायद्याने आहे. तिथे चाळीस बायांनी एकच प्रश्न विचारला, तर तो वहीत लिहावा लागतो. लिहिला की नाही ते सही करण्याआधी वाचून घ्या.

त्या ताईच्या गटाने ठरवलं आहे, की पुढच्या बैठकीला प्रत्येकीने महिनाभराचं पोतं घेऊन यायचं. मीही माझं आणणार आहे. आता सीआरपी ताई हजेरी घेतील, कोणी उठू नका.