ड्रोन पावसात भिजल्यास

घोडबंदर रोडच्या एका अंगाला येऊरचा डोंगर, दुसऱ्या अंगाला खाडी. ओवळा, गायमुखकडे सर केव्हा उतरेल याचा नेम नसतो. शेताच्या पाहणीसाठी उडविलेला लहान कॅमेरा-ड्रोन भिजला, तर तो सुरू करून पाहण्याचा मोह टाळावा. पाण्यापेक्षा ओल्या सर्किटमधून खेळणारी वीज जास्त नुकसान करते.

प्रथम बॅटरी काढावी. ती लिथियमची असते. फुगली किंवा गरम लागली तर घराबाहेर मोकळ्या जागी ठेवावी, पुन्हा चार्ज करू नये. ड्रोन पुसून, निथळून पंख्याच्या वाऱ्यात दोन-तीन दिवस वाळवावा. तांदळात पुरण्याची युक्ती सर्रास सांगतात; पण तांदूळ ओल फारशी ओढत नाही, कोंडा मात्र मोटारीत शिरतो. सिलिका जेलच्या पुड्या बऱ्या.

खाडीत पडलेल्या ड्रोनची गोष्ट वेगळी. मीठ वाळल्यावरही तांबे खाते. बॅटरी काढून, ट्रॅक्टरच्या बॅटरीत घालतो त्या डिस्टिल्ड वॉटरने तो लगेच धुवावा आणि कारागिराकडून उघडून तपासून घ्यावा. खाऱ्या पाण्यात बुडालेली बॅटरी पुन्हा वापरू नये.

वाळल्यानंतर पाती काढून, चांगल्या बॅटरीवर मोटारी फिरवून पाहाव्यात. पहिले उड्डाण माणसे व गुरे नसतील अशा जागी, कमरेइतक्या उंचीवरच करावे.