शरीराचा पहारा आणि आपले कर्तव्य
(वार्षिक सभेत रुग्णालयाच्या प्रशासकांनी केलेले भाषण)



मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. वैद्यकशास्त्र हा माझा विषय नव्हे. तथापि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे निदान झाले की नातलग माझ्या कार्यालयात येऊन विचारतात, "आमच्याच घरी का?" म्हणून डॉक्टरांकडून जे समजून घेतले, ते आपणापुढे मांडतो.

या रोगाचे मूळ प्रायः एचपीव्ही या विषाणूच्या संसर्गात असते. हा संसर्ग अत्यंत सर्वसामान्य आहे. त्यात कोणाच्या चारित्र्याचा प्रश्न नाही. बहुतेक स्त्रियांची रोगप्रतिकारशक्ती एक-दोन वर्षांत तो परतवून लावते. परंतु हा विषाणू रक्तात न उतरता वरच्या आवरणातच राहतो. ताप वा सूज आणत नाही. त्यामुळे काही वेळा शरीराच्या पहारेकऱ्यांना त्याची चाहूलच लागत नाही. तो ठाण मांडून बसला, तर पेशींच्या वाढीस आवर घालणारी प्रथिने निकामी करतो आणि पुढे अनेक वर्षांनी कर्करोग उद्भवू शकतो. म्हणजेच पहारा चुकला, तरी आपल्या हाती अवधी असतो.

तो अवधी कसा वापरावा, हे जगाला आपल्याच जिल्ह्याने दाखविले. मुंबईचे टाटा स्मारक केंद्र, बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय आणि फ्रान्समधील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी १९९९ पासून येथील ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास केला. २००९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. एचपीव्ही चाचणीच्या गटातील ३४,१२६ स्त्रियांपैकी ३४ जणी या रोगाने दगावल्या. तपासणीविना असलेल्या तुलनेच्या गटातील ३१,४८८ पैकी ६४. ताळेबंदाच्या भाषेत सांगायचे, तर त्या ६४ भगिनींचे ऋण आपल्या नावे आजही बाकी आहे.

पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची स्वदेशी लस २०२३ पासून उपलब्ध आहे. ती विषाणूसदृश रिकामे कवच दाखवून शरीराच्या पहाऱ्याला शत्रूची ओळख आधीच पटवून देते. मात्र जडलेला संसर्ग ती हटवीत नाही. म्हणून ९ ते १४ वयाच्या मुलींना लस आणि तिशीनंतर स्त्रियांना तपासणी, दोन्ही हवीत.

देणगीदारांनी एका गावाच्या तपासणीचा भार उचलावा. आणि आप्तहो, आपण रुग्णासोबत येता, तेव्हा घरातील इतर स्त्रियांनाही घेऊन या. त्यांना काहीही होत नसतानाच आणा, एवढीच विनंती.