स्टोव्ह भडकला की भडकवला?

समजा बदलापूरची भाजलेली बाई उल्हासनगरच्या मध्यवर्ती रुग्णालयात आली. नवरा म्हणतो, "स्टोव्ह भडकला." तिच्याजवळ सर्वाधिक वेळ असते ती नर्स.

नर्सिंगच्या विद्यार्थिनींना असे प्रसंग संगणकावर टप्प्याटप्प्याने सोडवायला देता येतात. आधी श्वास पाहायचा की जखम? नवऱ्याला बाहेर कसे पाठवायचे? बाईचे शब्द कसे नोंदवायचे? इथे चुकले तर कोणी दगावत नाही. पुन्हा विचार करता येतो.

वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात २००० साली 'दिलासा' केंद्र सुरू झाले, ते हिंसा हा आरोग्याचाही प्रश्न आहे हे मानूनच. म्हणून हे प्रसंग लिहायला शिक्षिकांबरोबर आपण कार्यकर्त्यांनीही बसायला हवे. बाईला एकांतात बोलू देणे हाही उपचारच आहे.