आस्तिकाने नास्तिकाशी वाद करावा काय?

(श्रीमठाच्या वर्धापन-महोत्सवात सायंकालीन सभेत दिलेले भाषण)

ज्यांच्यापुढे मी लघुकौमुदीची सूत्रे म्हणत असे, ते माझे गुरुजन येथे समोर बसले आहेत. तेव्हा बोलण्यात जे न्यून राहील ते माझे, आणि जे ग्राह्य वाटेल ते या मठाच्या पाठशाळेचे, असे मानावे.

गेल्या चातुर्मासात एके दिवशी प्रवचन आटोपल्यावर एक वृद्ध माउली मागे थांबल्या. म्हणाल्या, “शास्त्रीबुवा, माझा मुलगा देव नाही म्हणतो. मी त्याची समजूत घालू, की गप्प बसू?” मी घाईत होतो. “नामस्मरण चालू ठेवा, तो आपोआप वळणावर येईल,” असे म्हणून मी त्यांना वाटेला लावले. रात्री मनाला टोचणी लागली. त्या माउलीने खरा प्रश्न विचारला होता आणि मी खरे उत्तर दिले नव्हते. ते उत्तर देण्याचा आज प्रयत्न करतो.

प्रथम शब्दाचा विचार करू. ‘नास्तिक’ हा शब्द आपण शिवीसारखा वापरतो. पण शास्त्रात तो एकाच अर्थाने आलेला नाही. पाणिनीच्या सूत्रानुसार ज्याची मती ‘नाही’ अशी तो नास्तिक. आणि टीकाकार तेथे ‘परलोक नाही’ असा अर्थ घेतात. मनुस्मृती वेदनिंदकाला नास्तिक म्हणते. आणि आपण मात्र ईश्वर न मानणाऱ्याला नास्तिक म्हणतो. या तिसऱ्या अर्थाने पाहू गेल्यास वेदाचे कट्टर अभिमानी मीमांसकही अडचणीत येतील. कारण जगत्कर्ता ईश्वर मानण्याची आवश्यकता त्यांना वाटली नाही. ईश्वरकृष्णाच्या सांख्यकारिकेतही ईश्वराला स्थान नाही. तात्पर्य, समोरचा मनुष्य नेमके काय नाकारतो हे विचारल्यावाचून त्याला नास्तिक म्हणणे म्हणजे नाडी न पाहता औषध देणे होय.

आता मुख्य प्रश्न. दुसऱ्याचे मत खोडण्याच्या भरीस पडावे काय? ही शंका आजची नाही. ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायातील दुसरा पाद, म्हणजे तर्कपाद, परमतांच्या खंडनाचा आहे. त्याच्या आरंभीच भगवत्पूज्यपाद श्रीशंकराचार्यांनी पूर्वपक्ष्याच्या मुखाने विचारले आहे की, मुमुक्षूने आपला पक्ष सिद्ध केला म्हणजे पुरे. ज्याने केवळ द्वेष वाढतो ते परपक्षाचे निराकरण कशाला? आचार्य ही शंका उडवून लावीत नाहीत. आधी ते ती मान्य करतात. आणि मग सांगतात की, थोर म्हणून मानलेल्या लोकांनी स्वीकारलेली मते साध्याभोळ्यांना मोक्षाचा मार्ग वाटू शकतात, म्हणून त्यांची परीक्षा करावी लागते. म्हणजे खंडनाचे प्रयोजन कोणाचा पाडाव करणे नसून कोणाची वाट चुकू न देणे हे आहे. हे प्रयोजन सुटले की शंकाकाराचे म्हणणे खरे ठरते आणि हाती केवळ द्वेष उरतो.

न्यायशास्त्राने याच गोष्टीची मोजणी अधिक काटेकोरपणे केली आहे. गौतममुनींनी बोलण्याचे तीन प्रकार सांगितले : वाद, जल्प आणि वितंडा. तत्त्व जाणण्यासाठी होतो तो वाद. जिंकण्यासाठी, प्रसंगी शब्दच्छल करून, होतो तो जल्प. स्वतःचा पक्षच न मांडता दुसऱ्याचा पाडायचा ती वितंडा. वाद कोणाशी करावा? शिष्याशी, गुरूशी, सहाध्यायाशी, कल्याणाची इच्छा बाळगणाऱ्या आणि असूया नसलेल्या माणसाशी. मग जल्प आणि वितंडा सांगितल्याच कशाला? सूत्रकार म्हणतात, कोवळ्या अंकुरांच्या रक्षणासाठी काटेरी फांद्यांचे कुंपण घालतात, तशा त्या आहेत. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी शेती आहे. कुंपण लागते हे आपण जाणतो. पण कुंपण कोणी पेरीत नाही आणि काटे कोणी ताटात वाढीत नाही.

वादाची पहिली अट म्हणजे पूर्वपक्ष. प्रतिपक्ष्याचे म्हणणे त्याला स्वतःला मांडता येईल तितक्या बळाने मांडायचे आणि मगच उत्तर द्यायचे. माधवाचार्यांनी चौदाव्या शतकात ‘सर्वदर्शनसंग्रह’ रचला, त्याचा आरंभच चार्वाकदर्शनाने केला. चार्वाकांचा मूळ सूत्रग्रंथ आज उपलब्ध नाही; त्यांचे मत आपण मुख्यत्वे त्यांच्या विरोधकांच्या ग्रंथांतून जाणतो. प्रत्यक्षासह सर्व प्रमाणांवर घाव घालणारा जयराशिभट्टाचा ‘तत्त्वोपप्लवसिंह’ मात्र वाचला, आणि तो पाटणच्या जैन ग्रंथभांडारात! 1940 साली बडोद्याच्या गायकवाड प्राच्यग्रंथमालेत तो छापला गेला. ज्या ग्रंथाने कोणाचेच मत शाबूत ठेवले नाही, तो धर्मनिष्ठांनी शतकानुशतके कपड्यात बांधून जपला. यापेक्षा मोठा आत्मविश्वास कोणता?

अर्वाचीन काळातले एक उदाहरण सांगतो. आंध्रातील गोपराजू रामचंद्र राव, ज्यांना लोक ‘गोरा’ म्हणत, हे उघड निरीश्वरवादी. अस्पृश्यतानिवारणाच्या कार्यामुळे त्यांचा महात्मा गांधींशी संबंध आला आणि सेवाग्रामला दोघांचे मोकळे बोलणे झाले. गांधीजींनी तर 1931 सालीच ‘ईश्वर सत्य आहे’ याऐवजी ‘सत्य हाच ईश्वर’ असे म्हटले होते. ईश्वराला नाकारणाराही सत्याला नाकारीत नाही, हे त्याचे एक कारण. गोरांच्या कन्येचा विवाह अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातील तरुणाशी ठरला, तेव्हा विधीत ईश्वराच्या जागी सत्याचे नाव घेण्यास गांधीजींनी संमती दिली. गांधीजी 1948 च्या जानेवारीत गेले. विवाह त्याच वर्षी मार्चमध्ये सेवाग्राम आश्रमात झाला. गोरांनी हे सर्व लिहिलेले पुस्तक 1951 साली गांधीजींच्याच नवजीवन संस्थेने प्रसिद्ध केले. एक अखेरपर्यंत रामनाम घेत राहिला, दुसरा अखेरपर्यंत निरीश्वरवादी राहिला. तरी त्या संवादाला निष्फळ कोण म्हणेल?

आता घरचे सांगतो. न सांगितल्यास वरील सर्व पोपटपंची ठरेल. माझे वडीलबंधू यंत्रविद्या शिकून परगावी नोकरीस गेले. ते देव मानीत नाहीत. ते सुटीवर आले की पाहुण्यांच्या देखत आमची जुगलबंदी होई. मी त्यांना हेत्वाभासात पकडी, ते निरुत्तर होत, आणि मला धर्माची सेवा घडल्याचे समाधान वाटे. एकदा आजारी तीर्थरूपांनी मला जवळ बोलावून विचारले, “तुझा दादा देव का नाही म्हणतो रे?” मी चार्वाकाच्या युक्ती ओळीने सांगितल्या. ते म्हणाले, “हे बृहस्पतीचे झाले. दादाचे सांग.” मला सांगता येईना. इतकी वर्षे वाद केला, आणि पूर्वपक्षच मला ठाऊक नव्हता!

वडील गेल्यावर एका रात्री ओटीवर मी दादाला ते विचारले. तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, “माझा तीन वर्षांचा मुलगा तापाने गेला, तेव्हा तू सांत्वनाला आलास. पूर्वजन्मीचे काही देणे होते ते फिटले, म्हणालास. त्या दिवशी माझ्या बाळाला तुम्ही अपराधी ठरवलेत. ज्या देवाच्या घरी असा हिशेब चालतो, त्याच्या दारात मी पुन्हा उभा राहिलो नाही.”

मी ते वाक्य बोललो होतो. आणि विसरलोही होतो. त्या रात्री मी दादाची क्षमा मागितली. कर्मसिद्धांत माझ्या दृष्टीने आजही खरा आहे. पण तो स्वतःच्या आचरणाला जाग आणण्यासाठी आहे, दुसऱ्याच्या शोकाचा निवाडा करण्यासाठी नाही, हे मला दादाने शिकविले. दादा आस्तिक झाला नाही. परंतु थोड्या वेळाने तोही म्हणाला, “तुझ्या संध्येला मी भीती समजत होतो. आण्णा गेले त्या दिवशी तुझ्याकडे पाहिले. ती भीती नव्हे.” तीर्थरूपांच्या वर्षश्राद्धाला त्याने संकल्प केला नाही, पण पंक्तीत वाढण्यास कंबर कसून तोच उभा होता.

म्हणून त्या माउलीला माझे उत्तर असे. गप्प बसू नये. ज्याला आपण सत्य मानतो ते आपल्या माणसाला न सांगणे ही उपेक्षा आहे. पण आधी मुलाला विचारावे, आणि त्याचे म्हणणे त्याच्यापुढे असे मांडून दाखवावे की तो म्हणेल, “होय, मला हेच म्हणायचे आहे.” त्यानंतर आपले सांगावे. सांगताना आपलेही काही चुकले असेल, ते सुधारण्याची तयारी ठेवावी. तो वळला नाही तरी त्याचे पान मांडणे थांबवू नये. आणि या सभेत असा एखादा मुलगा बसला असेल, तर त्यालाही हाच नियम लागू आहे. आईच्या जपमाळेला अज्ञान म्हणण्यापूर्वी, ती ओढताना तिच्या मनात काय असते, हे त्याने तिला एकदा विचारावे.

नचिकेत्याने यमाला तिसऱ्या वरात हेच विचारले होते : मेल्यावर मनुष्य आहे असे कोणी म्हणतात, नाही असे कोणी म्हणतात, खरे काय? यमाने त्या शंकेला पाखंड म्हटले नाही. प्रश्न सोडून देण्यासाठी त्याने हत्ती, घोडे, सोने देऊ केले. आणि तो मुलगा ढळला नाही, तेव्हा त्याला शिष्य केले. आपल्या दारी येणाऱ्या शंकेचा असाच मान राखण्याची बुद्धी श्रीगुरूंनी आपणा सर्वांस द्यावी, एवढी प्रार्थना करून ही अल्प वाक्सेवा त्यांच्या चरणी अर्पण करतो.