वैरणीचे गुंठे

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



वर्धापनदिनाचे भाषण म्हटले म्हणजे आरोग्य, बचत, मुलांचे शिक्षण असे काही विषय ठरलेले असतात. यंदा चिटणीसबाईंनी मला विषय दिला तो गुरांच्या वैरणीचा. तो ऐकून काही जणी हसल्या. परंतु आपल्यापैकी ज्यांच्या दारात गाय किंवा म्हैस आहे, त्यांचा दिवस कशाने सुरू होतो व कशाने संपतो हे आठवून पाहावे. बांधावरचे गवत कापावयाचे, भारा बांधावयाचा, तो डोक्यावरून आणावयाचा, कुट्टी करावयाची, आणि मग धारेला बसावयाचे. इतके सारे आपण करतो. परंतु रानात वैरण कोणती पेरावी आणि किती पेरावी हे ठरविताना मात्र आपल्याला कोणी विचारीत नाही. खरे सांगावयाचे तर आपणही आपण होऊन बोलत नाही. बियाणे आणावयास घरातील पुरुष माणूस जातो आणि दुकानदार देईल ती पिशवी घेऊन येतो. दूध संस्थेचा पगार झाला की त्यातला मोठा वाटा सरकी पेंडीत जातो, आणि पेंड महागली म्हणून आपण कपाळाला हात लावतो. या पेंडीचा काही भाग रानातच पिकविता येतो, एवढेच मला आज सांगावयाचे आहे.

मी बोलणार आहे ती एकाच हंगामात पेरून त्याच हंगामात संपणाऱ्या वैरणीबद्दल. हत्तीगवत, लसूणघास ही बारमाही व अनेक वर्षांची पिके. ज्यांच्याकडे ती आहेत त्यांनी ती जरूर राखावी. परंतु ती जमीन अडवून बसतात व वर्षभर पाणी मागतात. हंगामी वैरण तशी नसते. कांदा निघाला आणि ऊस लावावयास दोन महिने अवकाश आहे, तेवढ्यात ती येऊन जाते.

आपला गाव नीरेच्या कालव्यावरचा, म्हणून आपल्याकडे एक सवय जडली आहे. ऊसतोड सुरू झाली की तीन-चार महिने जनावरांपुढे वाढ्यांखेरीज दुसरे काही पडत नाही. वाढे हिरवे दिसते, पोटही भरते. परंतु त्यात प्रथिने फार थोडी, आणि त्यातील ऑक्झॅलिक आम्ल अंगातील चुना बांधून टाकते. दुभत्या गाईला दुधावाटे चुना द्यावा लागतोच; तो वैरणीतून मिळाला नाही तर हाडांतून जातो. वाढे घालू नका असे मी म्हणत नाही, फुकट मिळणारी वस्तू कोण टाकील? पण त्यावर चुन्याची निवळी शिंपडावी, खनिज मिश्रण चुकवू नये, आणि मुख्य म्हणजे वाढ्याच्या जोडीला दुसरे काही हिरवे असावे.

हे 'दुसरे काही' निवडताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. वैरणीची पिके दोन जातींची. मका, ज्वारी, बाजरी, ओट ही एकदल. यांचा भारा मोठा होतो व त्यातून जनावराला ताकद मिळते. चवळी, बरसीम ही द्विदल; यांचा भारा लहान, पण प्रथिने दुपटीच्या घरात. वाळवून मोजले तर कडब्यात प्रथिने शेकडा ३ ते ४, मक्याच्या हिरव्या वैरणीत ८ ते १०, आणि चवळीत १५च्या वर असतात. घरात आपण भाकरीबरोबर डाळ किंवा उसळ करतोच ना? गव्हाणीतही तेच हवे. नुसत्या बरसीमवर जनावर फुगते, नुसत्या मक्यावर दूध टिकवावयास पेंड वाढवावी लागते. म्हणून दर हंगामाला एक जोडी धरावी.

पावसाळ्याची जोडी मका आणि चवळीची. मक्यात वैरणीसाठी आफ्रिकन टॉल ही जात घ्यावी. ती राहुरीच्या कृषी विद्यापीठाने दिलेली आहे. उंच वाढते व पाने रुंद असतात. चवळीत श्वेता ही वैरणीची जात आहे. एक-एक फुटावर ओळी धरून दोन ओळी मक्याच्या व एक चवळीची, असे टोकावे. चवळीचे वेल मक्याला धरून वर जातात, म्हणून कापणी एकदम होते. साठ-पासष्ट दिवसांनी मक्याचे कणीस दुधात आले, नखाने दाणा दाबला तर दूध निघाले, की विळा लावावा. त्याच्या आधी कापले तर पाण्याचाच भारा वाहावा लागतो. फार उशीर केला तर धाटे कठीण होऊन जनावर ती गव्हाणीत तशीच टाकते.

आता किती पेरावे? येथे बहुतेक घरांत चूक होते. वीस गुंठे मका एकाच दिवशी पेरतात. तो सारा एकाच वेळी तयार होतो, निम्मा खाऊन होतो आणि निम्मा वाळून काष्ठ होतो. माझा हिशेब असा आहे. दोन दुभत्या जनावरांना रोज प्रत्येकी २५ किलो धरून ५० किलो हिरवी वैरण लागते. बेताच्या रानातही एका गुंठ्यात ४०० किलो मका-चवळी निघावी. म्हणजे एक गुंठा आठ दिवस पुरतो. तेव्हा दर आठ दिवसांनी एकच गुंठा पेरावा. पहिला गुंठा कापणीला येईपर्यंत आठ-नऊ गुंठे पेरून झालेले असतात, आणि कापलेला गुंठा नांगरून पुन्हा फेरीत येतो. एकूण दहा गुंठे, म्हणजे पाव एकर. बियाणे गुंठ्याला अर्धा किलो मका व पावाहून कमी चवळी एवढेच लागते. ते आपल्या ओच्यातही मावेल! पावसाच्या झडीत वाफसा मिळत नाही, तेव्हा एखादा आठवडा चुकेल. मग दोन गुंठे एकदम पेरावे. हे वेळापत्रक कॅलेंडरवर आपण स्वतः लिहावे, म्हणजे दुसऱ्या कोणाला त्याची आठवण करून द्यावी लागत नाही.

मक्यावर २०१८ सालापासून लष्करी अळी आली आहे, ती पोंगा खाते. एवढ्याशा तुकड्यात रोज सकाळी फेरी मारून अंडीपुंज वेचावेत व निंबोळी अर्क फवारावा. वैरणीवर जालीम औषध मारणे शक्य तो टाळावे. जनावराच्या पोटात गेलेले पुढे कोठे येते हे धारा काढणारीला सांगावयास नको.

ज्वारीविषयी मात्र थोडे थांबून बोलले पाहिजे. कडवळ म्हणून ज्वारी चांगली, पाणी थोडे लागते, जनावरे आवडीने खातात. परंतु कोवळ्या ज्वारीत विष असते. तिच्या पानांतील एक द्रव्य पोटात फुटून त्याचे हायड्रोसायनिक आम्ल बनते. आपल्याकडे याला किराळ लागणे म्हणतात. पाऊस ताणला आणि ज्वारी खुरटली, किंवा कापल्यावर खोडव्याला कोवळे फुटवे आले, की हे विष फार वाढते. आपल्याच शिवारात एका बाईची गाभण गाय दावे तोडून अशा फुटव्यांत शिरली. तोंडाला फेस आला, धाप लागली, आणि डॉक्टरांची मोटारसायकल वस्तीवर पोहोचण्याआधी गाय गेली. यावर इंजेक्शन आहे आणि ते वेळेत मिळाले तर जनावर वाचते. पण वेळ मिनिटांची असते. म्हणून ज्वारी निम्मी फुलोऱ्यात येईपर्यंत कापू नये, खोडव्यात जनावर सोडू नये, आणि शंका असेल तर कापून चांगली वाळवून मग घालावी. वाळल्यावर विष पुष्कळ उतरते. ज्यांच्या घरी लहान मुले जनावरे राखतात त्यांनी ज्वारीऐवजी बाजरी पेरावी असे माझे स्पष्ट मत आहे. बाजरीत हे विष नाही, गुंठ्याला १०० ग्रॅम बी पुरते आणि पन्नास-पंचावन्न दिवसांत ती निसवते. उन्हाळ्यात पाणी कमी पडते तेव्हाही बाजरी आणि चवळी हीच जोडी बरी.

थंडीची जोडी ओट आणि बरसीम. ओट गव्हासारखाच दिसतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरात गुंठ्याला एक किलो पेरावा. पन्नासएक दिवसांनी जमिनीपासून चार बोटे सोडून पहिली कापणी करावी, पुढे महिन्याने दुसरी मिळते. केंट ही जुनी जात आहे, राहुरीची फुले हरिता आहे, दोन्ही चालतात. बरसीम मूळचा मिसर देशाचा, १९०४ साली सिंधमध्ये तो प्रथम आणला गेला. त्याला थंडी व भरपूर पाणी हवे. दिवाळीच्या सुमारास पेरला तर मार्चपर्यंत तीन-चार कापण्या देतो, ऊन तापले की संपतो. ज्यांच्या वाट्याला पाण्याची पाळी वेळेवर येत नाही त्यांनी बरसीमच्या नादी लागू नये.

बरसीमच्या बियाण्यात कासनी नावाच्या तणाचे बी मिसळलेले असते. दहा लिटर पाण्यात एक किलो मीठ विरघळवून त्यात बियाणे टाकावे. कासनी वर तरंगते, ती काढून टाकावी व खाली बसलेले बियाणे स्वच्छ पाण्याने दोन-तीनदा धुवावे. मग बरसीमचे जिवाणू संवर्धन गुळाच्या पाण्यात कालवून चोळावे. ज्या रानात पूर्वी बरसीम झाला नाही तेथे हे केल्यावाचून मुळांवर गाठी धरत नाहीत, व पीक पिवळे पडते. ताजा, दवाने ओला बरसीम कधीही उपाशी जनावरापुढे टाकू नये. कापून चार तास सुकू द्यावा, आधी थोडा कडबा घालावा, आणि पहिले आठ-दहा दिवस थोडाथोडा वाढवीत न्यावा. दहा किलो बरसीममध्ये साधारण एक किलो सरकी पेंडीइतकी प्रथिने असतात. पेंडीचा भाव प्रत्येकीला पाठ आहे. हिशेब आपापला करावा.

शेजारच्या माण तालुक्यात २०१२-१३ साली आणि पुन्हा २०१९ साली चारा छावण्या पडल्या. तेथे महिनोन्महिने जनावरांजवळ राहिलेल्या बायांत आपल्यातील काहींच्या बहिणी-मावश्या होत्या. कालवा आहे म्हणून आपण निर्धास्त असतो, पण पाळी लांबली की आपणही त्यांच्याच रांगेत आहोत. जास्तीचा मका निघेल तेव्हा तो दुधात असताना कुट्टी करून पिशव्यांत दाबून मुरघास करून ठेवावा. मुरघासाविषयी पुढच्या महिन्यात सविस्तर सांगण्याचे मी चिटणीसबाईंना कबूल केले आहे.

शेवटी बियाण्याबद्दल. आफ्रिकन टॉल ही संकरित जात नव्हे, तिचे बी राखता येते. ज्यांच्या रानापासून दोनशे मीटरच्या आत दुसऱ्या जातीचा मका नाही अशा कोणी तरी एका भगिनीने एक गुंठा विरळ पेरून कणसे पिकू द्यावी. वीस-पंचवीस किलो बी सहज निघेल. चवळीचा एक गुंठा दुसरीने राखावा. बरसीमचे बी आपल्या हवेत नीट धरत नाही, ते विकतच आणावे लागेल; त्यासाठी आठ जणींनी नावे दिली आहेत. आणखी कोणाला हवे असेल तर दसऱ्याच्या आत चिटणीसबाईंकडे किती गुंठ्यांचे हवे ते सांगावे, गुंठ्याला ३०० ग्रॅम या हिशेबाने.