गुडघ्याची प्रत्येक सूज झीज नसते
सासूबाईंचा गुडघा सुजला की आपण म्हणतो, "वय झालं, वंगण संपलं." पण गुडघ्याभोवती पाण्याच्या बारीक पिशव्याही असतात. गुडघे टेकून सारवलं, फरशी पुसली की वाटीपुढची पिशवी सुजते. तिथं गोधडीची घडी घ्या.

आतल्या बाजूला, सांध्याखाली तीन बोटांवर दुखतं, पायऱ्या चढताना कळ येते? तिथलीही पिशवी सुजते, बहुतेकदा झिजलेल्या सांध्यासोबत. मग नुसता लेप पुरत नाही. वजन आटोक्यात हवं, मांडीत ताकद हवी. खुर्चीत बसून पाय सरळ करा, पाच आकडे मोजा, खाली घ्या. रोज दहा वेळा.

सूज लाल, गरम झाली, ताप आला, तर चोळू नका. आत पू असू शकतो. त्याच दिवशी दवाखाना गाठा.